बेल वाजवायची परवानगी कोण देतं? अमेरिकेतल्या दारोदार विक्रीच्या नियमांबद्दल

अमेरिकेत एखाद्या उपनगरात घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात याचा अनुभव येतो. संध्याकाळी सहा-साडेसहाला बेल वाजते. दारात कंपनीचा टी-शर्ट घातलेला, हातात टॅबलेट धरलेला विशीतला मुलगा उभा असतो. तो मुंग्या-कोळ्यांवरची फवारणी विकत असतो, नाहीतर छतावरचे सोलर पॅनल, नाहीतर घराचा अलार्म. शेजारच्यांनी कालच घेतलं हेही तो सांगतोच. शनिवारी सकाळी धर्मप्रचारक येतात, निवडणुकीच्या वर्षात उमेदवाराचे कार्यकर्ते येतात, आणि कुकीजच्या हंगामात गर्ल स्काउटच्या मुली. वैतागलेला घरमालक शेवटी शहराच्या वेबसाइटवर नियम शोधतो. तिथे त्याला 'पेडलर्स अँड सॉलिसिटर्स' (फेरीवाले आणि दारोदार ऑर्डर घेणारे) अशा मथळ्याचं एक लांबलचक प्रकरण सापडतं. ते वरवर वाचलं की वाटतं, परवाना नसलेल्या कोणालाही आपल्या दाराशी येताच येत नाही.

हे खरं नाही. पण खोटंही नाही, आणि घोळ इथेच होतो. दारोदार फिरणाऱ्यांबद्दलचा सगळ्या देशासाठी एकच असा कायदा अमेरिकेत नाही. राज्य सरकार शहरांना सार्वजनिक शांतता आणि सुरक्षितता राखायचे अधिकार देतं. त्या अधिकारात प्रत्येक शहर, गाव, टाउनशिप आपापले ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक नियम, करते. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, असंही होतं. तरी हे सगळे नियम एका तोंडवळ्याचे दिसतात. कारण त्यातलं जवळजवळ प्रत्येक कलम कुठल्या ना कुठल्या खटल्यात कोर्टाकडून तासून निघालेलं आहे. ते खटले माहीत असले की नियम वाचायला सोपे जातात. आणि त्या सगळ्या खटल्यांत वाद एकच आहे: दाराशी कोणी यायचं हे शहराने ठरवायचं, की घरात राहणाऱ्याने?

न बोलता दिलेली परवानगी

आधी मूळ प्रश्न. घर तुमचं, अंगण तुमचं, पायवाट तुमची. मग अनोळखी माणूस दारापर्यंत येऊ तरी कसा शकतो?

याचं उत्तर 2013 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात फार छान मिळतं. खटला वेगळ्याच गोष्टीचा होता. फ्लोरिडात पोलिसांनी अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा एका घराच्या दारापर्यंत नेला होता. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं की समोरच्या दारापर्यंत येण्याची एक अलिखित परवानगी रिवाजानेच सगळ्यांना मिळालेली असते. येणाऱ्याने पुढच्या वाटेने यावं, दार वाजवावं, थोडा वेळ थांबावं, आणि कोणी थांबवून घेतलं नाही तर निघून जावं. कुत्रा घेऊन शोधाशोध करायची परवानगी त्यात बसत नाही, म्हणून पोलीस हरले. ही मर्यादा पाळायला कायद्याचं ज्ञान लागत नाही, गर्ल स्काउट आणि हॅलोविनला येणारी पोरंसुद्धा ती बिनबोभाट पाळतात, असा टोलाही त्यांनी मारला.

फिरता विक्रेता याच परवानगीवर येतो. पण ही परवानगी घरमालकाची आहे, आणि ज्याची परवानगी त्याला ती काढूनही घेता येते. पाटी लावून, किंवा तोंडाने 'निघा' म्हणून. एवढं म्हटल्यावरही माणूस हलला नाही तर तो घुसखोरीच्या कायद्याच्या कक्षेत येतो. त्यासाठी शहराच्या खास नियमाचीसुद्धा गरज नसते.

मग शहराने मध्ये पडायचं कारण काय? तर प्रत्येक दाराशी हा वाद रोज नव्याने घालत बसणं लोकांना नको असतं. आपल्या वतीने शहरानेच सगळ्यांना हाकलून द्यावं, असं त्यांना वाटतं.

दोन गावं, दिवसा झोपणारे कामगार

वायोमिंगमधलं ग्रीन रिव्हर हे रेल्वेचं गाव. तिथले बरेच कामगार रात्रपाळी करून दिवसा झोपत. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांमुळे त्यांची झोपमोड होई. 1931 साली गावाने ठरवलं की घरच्यांनी बोलावलेलं नसताना विक्रीसाठी एखाद्याच्या घरी जाणं हाच उपद्रव, आणि त्याला दंड. परवान्याची भानगडच नाही, सरळ बंदी. घरोघर ब्रश विकण्यासाठी देशभर प्रसिद्ध असलेली फुलर ब्रश कंपनी कोर्टात गेली आणि 1933 साली दहाव्या सर्किटच्या (म्हणजे काही राज्यांच्या एका विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयात हरली. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही नियम उचलून धरला. अमेरिकाभर गावांनी तो आपापल्या पुस्तकात उतरवून घेतला. अशा बंदीला आजही 'ग्रीन रिव्हर ऑर्डिनन्स' म्हणतात.

आता ओहायोतलं स्ट्रदर्स. हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. इथेही रात्रपाळी, इथेही दिवसा झोपणारे कामगार. गावाचा नियम असा की पत्रकं वाटण्यासाठी कोणी कोणाच्या घराची बेल वाजवायची नाही. थेल्मा मार्टिन या यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या बाई सभेची निमंत्रणं वाटत फिरल्या आणि त्यांना 10 डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1943 साली पाच विरुद्ध चार मतांनी गावाचा नियम पडला.

कारण तेच, झोप तीच, आणि निकाल उलटा. असं का झालं?

न्यायमूर्ती ब्लॅक यांचं म्हणणं असं होतं: कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे त्या त्या घरातल्या माणसाने ठरवायचं असतं. स्ट्रदर्सने तो निर्णय सगळ्या घरांच्या वतीने परस्पर घेऊन टाकला. ज्याला ऐकायचं होतं त्याच्यासाठीही. विचारांचा प्रसार घरोघर जाऊन करण्याची पद्धत जुनी आहे, आणि ज्यांच्या हाती फारसा पैसा नाही त्यांच्या चळवळींसाठी ती अत्यावश्यक आहे. गावाला झोपमोड टाळायची असेल तर साधा मार्ग आहे: ज्या घराने 'नको' असं कळवलं आहे, तिथे बेल वाजवणं हा गुन्हा करा. बाकीची दारं मोकळी ठेवा.

मला हा निकाल या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. 'नो सॉलिसिटिंग'च्या (दारावर विक्री-वर्गणी नको) पाटीला कायद्याचं बळ देणारी जी कलमं आज शहरांच्या नियमांत दिसतात, त्यांची वाट या निकालाने दाखवली.

पण ग्रीन रिव्हरचा नियम का वाचला? कारण तो विक्रीपुरता होता. मार्टिनबाई काही विकत नव्हत्या. 1951 साली लुइझियानातल्या अलेक्झांड्रिया शहराच्या खटल्यात हा फरक सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच केला. मासिकांची वर्गणी गोळा करणाऱ्या एका प्रतिनिधीला तिथे अटक झाली होती. मासिक म्हणजे छापलेला विचार, तेव्हा मलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं तेच संरक्षण द्या, हा त्याचा युक्तिवाद. कोर्ट म्हणालं, तुमच्या फेरीमागे धंदा आहे, आणि घरातल्या माणसाची शांतता त्या धंद्यापेक्षा जड. विशेष म्हणजे स्ट्रदर्सचा निकाल लिहिणारे ब्लॅक इथे विरोधी मतात होते.

यहोवा विटनेस आणि 278 लोकांचं गाव

या कायद्याच्या इतिहासात एकच पंथ पुन्हा पुन्हा का येतो, याचं उत्तर साधं आहे. घरोघर जाऊन प्रचार करणं ही त्यांच्या श्रद्धेचीच बाब आहे, आणि परवानगी मागण्यालाच त्यांची हरकत असते. 1938 साली जॉर्जियातल्या ग्रिफिन शहराविरुद्ध ते जिंकले. तिथे कुठलंही पत्रक वाटायला सिटी मॅनेजरची लेखी परवानगी लागत असे. 1940 साली कनेक्टिकट राज्याविरुद्ध जिंकले. तिथे धार्मिक कामासाठी वर्गणी मागायची तर ते काम खरोखर धार्मिक आहे का, हे एक सरकारी अधिकारी ठरवत असे. 1943 साली पेनसिल्व्हेनियातल्या जेनेट शहराने धार्मिक पुस्तकं विकायला लावलेला परवाना कर रद्द झाला. तो कर दिवसाला दीड डॉलर होता. रक्कम छोटी, पण हक्क बजावण्यासाठी कर द्यायचा नसतो, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं.

शेवटचा मोठा खटला 2002 सालचा. ओहायोत स्ट्रॅटन नावाचं गाव आहे. कोर्टाच्या निकालातच त्याची लोकसंख्या 278 दिली आहे. गावाचा नियम तसा सौम्य होता: घरोघर जायचं असेल तर महापौरांच्या कार्यालयात अर्ज भरा, फुकट परवाना घ्या, आणि विचारल्यावर तो दाखवा. परवाना नाकारलाही जात नसे. तरीही आठ विरुद्ध एक मतांनी नियम पडला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेलं कारण वाचण्यासारखं आहे. शेजाऱ्याशी सार्वजनिक विषयावर बोलायच्या आधी नागरिकाने सरकारला कळवायचं आणि परवाना घ्यायचा, ही कल्पनाच मुक्त समाजाला न शोभणारी आहे, असा त्याचा आशय. परवान्यावर नाव आलं की निनावी राहण्याचा हक्क गेला. ऐन वेळी एखाद्या प्रश्नावर शेजारपाजारी जावंसं वाटलं, तर कार्यालय बंद असेल. आणि ज्याला घरफोडी करायची आहे तो परवान्याअभावी थांबणार थोडाच? तो रस्ता विचारायच्या निमित्ताने बेल वाजवेल.

विरोधी मत सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांचं होतं, आणि तेही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सर्वेक्षण करतोय असं सांगून घरात शिरलेल्या दोन मुलांनी न्यू हॅम्पशायरमध्ये एका प्राध्यापक दांपत्याचा खून केल्याला तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. गावकऱ्यांची भीती काल्पनिक नाही, असं त्यांचं म्हणणं.

पण बहुमताने एक फट मोकळी ठेवली. हाच नियम फक्त विक्रेत्यांना आणि पैसे मागणाऱ्यांना लागू असता, तर गोष्ट वेगळी झाली असती, असं सूचित केलं. शहरांच्या वकिलांनी ते वाक्य नेमकं टिपलं. म्हणून आजच्या बहुतेक नियमांत धर्मप्रचारक, राजकीय कार्यकर्ते, सह्या गोळा करणारे यांना परवान्यातून सूट असते. चर्चच्या माणसाकडे तुम्ही परवाना मागितलात आणि तो 'लागत नाही' म्हणाला, तर बहुधा तो खरं बोलत असतो.

स्ट्रॅटनच्या नियमाच्या एका भागाला मात्र कोणी आव्हानच दिलं नव्हतं. गावकऱ्याने फॉर्म भरून आणि दारावर पाटी लावून फिरत्यांना बंदी करायची, आणि हव्या त्यांच्यापुढे खूण करून सूट द्यायची. त्या फॉर्मवर उमेदवार होते, नाताळची गाणी गाणारे होते, हॅलोविनची मुलं होती, सौंदर्यप्रसाधनं विकणारे होते आणि यहोवा विटनेसही होते.

माल खांद्यावर की ऑर्डर वहीत

नियमांच्या सुरुवातीला व्याख्या असतात आणि लोक त्या ओलांडून पुढे जातात. तसं करू नये. साधारणपणे पेडलर म्हणजे माल सोबत घेऊन फिरणारा, जागेवर पैसे घेऊन जागेवर वस्तू देणारा. सॉलिसिटर म्हणजे आज ऑर्डर घेणारा, माल किंवा सेवा नंतर पुरवणारा. कॅन्व्हासर म्हणजे न विकता मत, सही किंवा पाठिंबा मागणारा. याखेरीज ट्रान्झियंट मर्चंट असतो: मोटेलच्या खोलीत किंवा पार्किंगच्या जागेत चार दिवस दुकान मांडून पुढच्या गावी जाणारा.

एवढी चिरफाड कशाला? कारण एकोणिसाव्या शतकात गावातले दुकानदार बाहेरच्या विक्रेत्यांवर खार खाऊन होते आणि नगरपालिकांकडून त्यांच्यावर जबर परवाना शुल्क लावून घेत. 1887 साली सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीतल्या मेम्फिसच्या अशाच एका खटल्यात सांगितलं की दुसऱ्या राज्यातल्या मालाची ऑर्डर घेणं हा आंतरराज्य व्यापार आहे आणि स्थानिक कराने त्याची वाट अडवता येणार नाही. उलट 1895 साली मिझुरीत सिंगर कंपनीची शिवणयंत्रं गाडीत घालून विकणाऱ्यावरची परवान्याची सक्ती कोर्टाने वैध ठरवली. माल राज्यात आलेला आहे, इथेच विकला जातोय, आणि नियम सगळ्यांना सारखा आहे, मग शुल्क चालेल. सोबत माल आहे की नाही, यावर सगळं बदललं. तेव्हापासून नियम लिहिणारे दोघांना वेगवेगळ्या खणांत ठेवत आले.

त्या काळच्या फिरत्या विक्रेत्यांत आपल्याकडचेही होते. हुगळी जिल्ह्यातले बंगाली मुसलमान चिकनकाम केलेली कापडं घेऊन न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि न्यू ऑर्लिन्सला विकत फिरत. बाहेरून आलेल्या, भांडवल नसलेल्या माणसाला हा धंदा सर्वांत आधी उघडा असतो. म्हणूनच परवाना शुल्काचा बडगाही त्याच्यावरच आधी पडतो.

आज शहराला शुल्क घेता येतं, पण ते अर्ज तपासण्याच्या खर्चाशी सुसंगत हवं, आणि गावातल्याला एक, बाहेरच्याला दुसरं असं करता येत नाही. बहुतेक शहरं पार्श्वभूमी तपासतात, फोटोचं ओळखपत्र देतात आणि ते छातीवर लावायला सांगतात. काही ठिकाणी हमीची रक्कमही भरावी लागते. सवलतींची यादी मात्र जागोजाग गमतीदार असते. मिनेसोटात स्वतःच्या शेतातला किंवा बागेतला माल विकायला परवाना लागत नाही, आणि हे चक्क राज्याच्या घटनेत लिहिलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात सन्मानाने निवृत्त झालेल्या सैनिकांना फेरीच्या धंद्यासाठी खास परवाना मिळतो. युद्धावरून परतलेल्या माणसाला पोटापाण्याचं साधन असावं, ही त्यामागची जुनी कल्पना.

दान मागणाऱ्यांचं प्रकरण मधल्या खणातलं. इलिनॉयमधल्या शॉमबर्गने नियम केला होता की जमलेल्या पैशांपैकी किमान 75 टक्के थेट सेवाकार्याला जात असतील, तरच घरोघर वर्गणी मागता येईल. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. लोकांना माहिती देणं, प्रबोधन करणं हेच ज्या संस्थेचं काम आहे तिचा पगारावरचा खर्च जास्तच असणार, आणि तेवढ्यावरून तिला लबाड ठरवता येत नाही. फसवणूक होत असेल तर फसवणुकीचा कायदा वापरा, असा कोर्टाचा रोख होता.

संध्याकाळी किती वाजेपर्यंत?

वेळेचा नियम हा सर्वांत जास्त भांडणाचा. शहरांना वाटतं पाच-सहाला सगळं थांबावं. विक्रेत्यांचं आणि कार्यकर्त्यांचं म्हणणं, माणसं घरी येतातच तेव्हा! ओहायोतल्या एंगलवुड शहराने संध्याकाळी सहानंतर बंदी घातली होती. पर्यावरणाच्या प्रश्नावर घरोघर फिरणाऱ्या एका संस्थेच्या खटल्यात 2012 साली सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती अवैध ठरवली.

विक्रेत्यांच्या बाबतीत कोर्ट पूर्वी इतकं दयाळू नव्हतं. पण 1976 नंतर जाहिरात आणि विक्रीच्या बोलण्यालाही घटनेचं संरक्षण मिळू लागलं. विचारांच्या प्रसाराइतकं नाही, थोडं कमी. 1980 सालच्या एका निकालाने कसोटी घालून दिली: शहराचा हेतू महत्त्वाचा हवा, नियमाने तो खरोखर साधला पाहिजे, आणि गरजेपेक्षा जास्त बंदी नको. या कसोटीवर कॉलोराडोतलं कॅसल रॉक शहर 2020 साली नापास झालं. परवानाधारक विक्रेत्यांना तिथे संध्याकाळी सातनंतर बंदी होती. धर्म आणि राजकारणवाल्यांना मात्र नव्हती. ऍप्टिव्ह ही कीटकनाशक फवारणीची कंपनी कोर्टात गेली. सातनंतर विक्रेत्यांमुळेच धोका वाढतो, हे दाखवणारा पुरावा शहराला देता आला नाही. निकाल दिला त्याच दहाव्या सर्किटने, ज्याने 1933 साली ग्रीन रिव्हरची संपूर्ण बंदी मान्य केली होती.

म्हणजे ग्रीन रिव्हरची पद्धत मेली का? अलेक्झांड्रियाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कधी उघडपणे रद्द केलेला नाही, आणि काही गावांच्या पुस्तकात ती बंदी अजून छापलेली आहे. पण आजच्या कसोटीवर ती टिकेल यावर पैज लावायला मी तरी तयार होणार नाही. आपल्या शहराच्या नियमात अशी सरसकट बंदी दिसली तर ती कोर्टात पारखून घेतलेली आहे असं गृहीत धरू नका.

पाटी, यादी आणि टपालपेटी

या सगळ्या इतिहासातून घरात राहणाऱ्याच्या हाती उरतं ते हत्यार म्हणजे पाटी. कोर्टांनी शहराच्या हातून जेवढं काढून घेतलं, तेवढं घरमालकाच्या हाती दिलं. अनेक शहरांत 'नो सॉलिसिटिंग'ची पाटी असताना बेल वाजवणं हाच गुन्हा आहे, मग विक्रेत्याकडे परवाना असो वा नसो. काही शहरं 'नो नॉक' ('दार वाजवू नका') यादी ठेवतात. न्यू जर्सीतल्या बऱ्याच गावांत ती आहे. तुम्ही पत्ता नोंदवायचा आणि परवाना घेणाऱ्याला ती यादी सोबत मिळते.

पाटीवर काय लिहिलं आहे यालाही महत्त्व आहे. 'नो सॉलिसिटिंग' म्हटलं की विक्री आणि वर्गणी अडते. धर्मप्रचारक म्हणेल, मी काही मागतच नाही. शहराची व्याख्या त्याच्या बाजूने असेल तर त्याचं चुकत नाही. कोणीच नको असेल तर पाटीवर तसं स्पष्ट लिहावं: विक्रेते, वर्गणी, धर्मप्रचार, राजकीय प्रचार, काहीच नको. ही इच्छा तुमची, शहराची नव्हे, म्हणून तिथे घटनेचा अडसर येत नाही.

पत्रकं दाराच्या मुठीला अडकवलेली का असतात आणि टपालपेटीत का नसतात, याचंही कारण कायद्यात आहे. तिकीट न लावलेला मजकूर पेटीत टाकायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. पेटी तुम्ही विकत घेतलेली असली तरी हा नियम लागू होतो.

सही झाल्यावर

शहराच्या नियमांपेक्षा खिशाला जास्त उपयोगी पडतो तो फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षणाच्या केंद्रीय संस्थेचा कूलिंग-ऑफ नियम. तो देशभर लागू आहे. घरी येऊन विकलेली वस्तू किंवा सेवा 25 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची असेल, तर तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत कारण न देता सौदा रद्द करता येतो. शनिवार कामकाजाचा दिवस धरतात. रविवार आणि केंद्रीय सुट्ट्या धरत नाहीत. शुक्रवारी सही केली तर सोमवारी रद्द करायला उशीर झालेला नसतो. विक्रेत्याने तारखेची पावती किंवा करार आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या असतात, आणि हक्काबद्दल तोंडीही सांगायचं असतं. करार त्याच भाषेत हवा ज्या भाषेत विक्रेत्याने मुख्यतः बोलून विकलं. नियम स्पॅनिश बोलणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून वाचला जातो, पण कोणी तुम्हाला मराठीत पटवून सोलर पॅनल विकले तर अक्षरशः तोच नियम मराठीलाही लागू होईल.

रद्द केल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत पैसे परत मिळाले पाहिजेत. फॉर्म सही करून टपालाने पाठवावा, शक्यतो रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड, म्हणजे पाठवल्याची तारीख हाती राहते. काही व्यवहार या नियमात बसत नाहीत: विमा, शेअर्स, जमीन-घर, आणि तातडीच्या दुरुस्तीसाठी तुम्हीच बोलावलेला माणूस. अनेक राज्यांचे स्वतःचे नियम याहून उदार आहेत.

वीज आणि गॅसचा पुरवठादार बदलायची मुभा असलेल्या राज्यांत, उदाहरणार्थ ओहायो किंवा पेनसिल्व्हेनियात, एक खास प्रकार चालतो. माणूस 'तुमच्या बिलात काही चूक आहे का बघू' म्हणून बिल मागतो. तो वीज कंपनीचा नसतो. बिलावरचा खाते क्रमांक हेच त्याला हवं असतं, कारण तेवढ्यावर पुरवठादार बदलायची प्रक्रिया सुरू करता येते. बिल दाखवू नये.

कोणाचा नियम कुठे

वर सांगितलेल्या सगळ्या घटनात्मक मर्यादा सरकारवर आहेत. तुम्ही गेटबंद वसाहतीत राहत असाल आणि तिथल्या होमओनर्स असोसिएशनने (घरमालकांच्या संस्थेने) बाहेरच्यांना बंदी केली असेल, तर ती खाजगी मालकांची बंदी आहे, आणि बहुतेक राज्यांत ती चालते. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये इमारतीच्या दारावरचा निर्णय साधारणपणे मालकाचा असतो. म्हणून तीच पाटी महापालिकेने सगळ्या गावाच्या वेशीवर लावली तर कोर्टात पडेल, आणि वसाहतीच्या फाटकावर लावली तर टिकेल.

आपल्या शहराचा नियम शोधायचा तर वेबसाइटवर 'म्युनिसिपल कोड' उघडून 'पेडलर' शब्द टाकावा. न सापडल्यास सिटी क्लर्कच्या कार्यालयाला विचारावं. तीन गोष्टी बघाव्यात: सॉलिसिटरची व्याख्या कोणाला गाठते, पाटीला कायद्याचं बळ आहे का, आणि वेळ किती वाजेपर्यंतची आहे. दाराशी आलेल्या विक्रेत्याला दार न उघडताही ओळखपत्र दाखवायला सांगता येतं. परवाना नसेल तर पोलिसांच्या तातडीविरहित क्रमांकावर कळवावं. 911 हा आणीबाणीचा क्रमांक त्यासाठी नाही. आणि लवकर कळवावं, कारण पोलिसांची गाडी येईपर्यंत तो मुलगा पुढच्या गल्लीत पोचलेला असतो.